बांध नसलेलं शिवार

आमच्या अण्णांची तेवीस वर्षं एका बांधापायी गेली. इंदापूर तालुक्यात आमचं चार एकर रान. पूर्वेकडचा बांध शेजारी दरसाल वीतभर कोरतो, असं अण्णांचं म्हणणं. बांध मुळात अण्णांनीच सरकवला, असं शेजाऱ्याचं. मोजणी झाली, तिच्यावर हरकत आली, पुन्हा मोजणी झाली. हद्दीचा दगड एका रात्रीत दोन फूट चालत गेला आणि सकाळी दोन्ही घरांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की आम्ही हात लावला नाही. पुढे माझं लग्न झालं, मी हक्कसोडपत्रावर सही केली, सातबाऱ्यावरून माझं नाव उतरलं. बांधाच्या भांडणातून मात्र ते उतरलं नाही. नॉटिंगहॅमला येऊन अकरा वर्षं झाली तरी रविवारच्या फोनमध्ये 'तब्येत बरी आहे ना' नंतरचं दुसरं वाक्य बांधाचंच असतं.

म्हणून प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई एकदा सहज म्हणाली, की इथून तासाभराच्या अंतरावर एक गाव आहे, तिथे शेतकरी वर्षातून एकदा सगळे मिळून रान चालतात आणि ज्याने नांगर बाहेर घातला असेल त्याला दंड करतात, तेव्हा मी हातातली काचपट्टी खालीच ठेवली. गावाचं नाव लॅक्स्टन. दिवस नोव्हेंबरच्या अखेरचा, गुरुवार. बघायला आलं तर चालेल का, असं विचारणारं पत्र मी पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: या, आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणा.

बुटांचं महत्त्व मला गावात गेल्यावर कळलं. त्याआधी गाव पाहून घेतलं. लॅक्स्टनची वस्ती अडीचशेच्या आसपास. मुख्य रस्ता एकच, आणि शेतकऱ्यांची जुनी विटांची घरं, गोठे, कोठारं त्या रस्त्याला लागून, ओळीने. इंग्लंडच्या खेड्यांत असं सहसा दिसत नाही. शेतकऱ्याचं घर गावापासून लांब, त्याच्या स्वतःच्या रानाच्या मधोमध असतं. आमच्याकडे लोक गावठाण सोडून वस्तीवर राहायला गेले, तसंच. इथे ते गेले नाहीत, कारण 'स्वतःचं रान' असं एका जागी कोणाचं नव्हतंच. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्ही बाजूंच्या शिवारांत विखुरलेल्या. मग घर कुठे बांधणार? गावातच.

हीच तर इथली गंमत आहे. एके काळी इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातल्या बहुतेक गावांत शेती अशीच होती. दोन-तीन मोठी उघडी शिवारं, त्यांत कुंपण नाही, बांध नाही, आणि प्रत्येक घराच्या लांबट पट्ट्या इकडे-तिकडे. चांगली जमीन, पाणथळ जमीन, सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी. मग जमीनदारांनी जमिनी एकत्र करून कुंपणं घालायला सुरुवात केली. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटने त्यासाठी पाच हजारांवर कायदे केले, बहुतेक एकेका गावापुरते. गायरानं गेली, पट्ट्या गेल्या, पुष्कळ गरीब माणसं गाव सोडून गेली. लॅक्स्टनमध्येही काही जमिनीला कुंपणं पडली, पण वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन शिवारं उघडी राहिली. आजही तिथे तीन पाळ्यांची शेती चालते: एका शिवारात थंडीतला गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्याखाली. पुढच्या वर्षी पाळी सरकते. कोणी मनात आणलं म्हणून आपल्या पट्टीत वेगळंच काही लावू शकत नाही.

ते सगळं राखतं गावचं न्यायालय, कोर्ट लीट. मध्ययुगापासून चालत आलेली ही जमीनदारीची न्यायालयं इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी नावापुरती शिल्लक आहेत, मिरवणुका काढतात, मेजवान्या करतात. 1977 च्या कायद्याने त्यांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले. लॅक्स्टनचं तेवढं वगळलं, कारण ते खरोखर काम करत होतं.

सकाळी डव्हकोट इन नावाच्या गावच्या पबसमोर माणसं जमली होती. बारा जणांची ज्युरी, त्यांचा म्होरक्या आणि बेलिफ. हे सगळे गावचेच शेतकरी. बेलिफ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वसुलीला येणारा माणूस आला होता. प्रत्यक्षात तो आमच्या कोतवालासारखा निघाला. हाका मारायच्या, निरोप द्यायचे, खुंट्या गाडीत घालायच्या. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "चढ वर, मी डक." नॉटिंगहॅमशरमध्ये कोणालाही प्रेमाने असंच म्हणतात. त्यातलं 'मी' म्हणजे 'माझं' आणि डक म्हणजे बदक. पहिल्या वर्षी बसच्या वाहकाने मला हे म्हटलं तेव्हा तो स्वतःलाच बदक का म्हणतोय, हे मला दिवसभर कळलं नव्हतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर आम्ही बसलो. ट्रॉलीत बसून रानात जाण्याला जगात सगळीकडे एकच आवाज आणि एकच हाडं खिळखिळी करणारी लय असते, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं.

त्या वर्षी गव्हाची पाळी वेस्ट फील्डची होती. ज्युरी फक्त गव्हाचं शिवार तपासते, म्हणजे तीन वर्षांत तिन्हींची फेरी होते. ट्रॉली थांबली, खाली उतरले आणि पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते: पोटात खड्डा पडला. समोर उतारावर पसरलेलं एवढं मोठं रान, बोटभर उगवलेला हिरवा गहू, आणि बांध कुठेच नाही. एकही नाही. कुठे काटेरी तार नाही, दगड नाही, निवडुंग नाही. दोन माणसांच्या पट्ट्यांच्या मध्ये फक्त नांगराचं एक खोल तास. मी आपोआप उभ्या उभ्या हिशोब करू लागले, की इथे आमचा शेजारी असता तर एका हंगामात कुठपर्यंत पोचला असता. आणि खरं सांगायचं तर, अण्णा कुठपर्यंत पोचले असते.

माती तांबूस आणि भयंकर चिकट. आमची काळी माती पावसात पाय धरते, पण ही बूटच मागते. वीस पावलांत माझे दोन्ही पाय तवा बांधल्यासारखे जड झाले. ज्युरी मात्र सरळ चालत होती. म्होरक्याच्या हातात कागद, दोघांच्या खांद्यावर खुंट्या, एकाकडे मोठी लाकडी मोगर. काम असं: प्रत्येक पट्टीच्या टोकाशी जायचं. गेल्या वेळची खुंटी गवतात, चिखलात शोधायची. सापडली आणि जागेवर असली तर पुढे. कुजली असेल, मोडली असेल, तर दोन्ही टोकांना माणसं उभी करायची, नजरेने रेषा धरायची, मधलं तास बघायचं आणि नवी खुंटी ठोकायची. रस्त्याच्या कडेला आणि गवताळ पट्ट्यांच्या कडेला नांगर बाहेर आलाय का, ते पावलांनी मोजायचं. गवताच्या या पट्ट्यांना तिथे साइक म्हणतात. ओघळाची, पाणथळ, नांगरटीला न मानवणारी ही जागा कोणाची एकट्याची नाही. तिच्यावरच्या गवताचा दर उन्हाळ्यात गावात लिलाव होतो आणि फुलांचं बी पडेपर्यंत कापणीला हात लावायचा नसतो.

यंत्र एकही नव्हतं. मी विचारलं, उपग्रहावरून मोजत नाही का? एक तरुण ज्युरर म्हणाला, ट्रॅक्टरला आहे ना, नांगर सरळ राखायला. "मग बाहेर कसा जातो?" असं विचारल्यावर बाकीचे हसले. त्याच्याच पट्टीकडे आम्ही चाललो होतो.

तिथे खरंच नांगर बाहेर आला होता. साइकच्या कडेचं गवत एका लांबीत दोनेक फूट उलटलं होतं आणि त्यावर गहू हिरवागार उगवला होता. चोरीचा माल इतका उघडा, ओळीत उभा. सगळे तिथे थांबले. मी श्वास रोखून धरला, कारण अशा जागी उभं राहिल्यावर पुढे काय होतं ते मला लहानपणापासून माहीत आहे: आधी आवाज चढतो, मग कोणीतरी कुदळ उचलतो, मग बायका मध्ये पडतात. म्होरक्याने वाकून पाहिलं, पावलं टाकली, कागदावर लिहिलं. ज्याची पट्टी तो म्हणाला, वळण घेताना अंधार होता. दुसरा म्हणाला, अंधार तुला दरवर्षी इथेच गाठतो. झालं. ज्युरी पुढे निघाली. तोही निघाला, खांद्यावर खुंट्या घेऊन.

एका ठिकाणी मला खुंटी धरायला दिली. ओंडका फाडून टोक काढलेली, ढोपराएवढी लाकडी खुंटी. मी ती दोन्ही हातांनी उभी धरली आणि मोगर वर गेल्यावर डोळे मिटले. "हात खाली घे, मी डक, खुंटीला धर, नशिबाला नको," असं काहीसं एक म्हातारा म्हणाला. तीन घावांत ती बसली. चौथा घाव मी घातला. तो खुंटीला लागला नाही, एवढंच लिहिते.

चालता चालता मापांवर बोलणं निघालं. त्यांचा फर्लांग म्हणजे मुळात एका नांगराच्या तासाची लांबी, 220 यार्ड. बैल एका दमात तेवढं ओढायचे. तेवढीच लांबी आणि 22 यार्ड रुंदी म्हणजे एक एकर. मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे एकराचे चाळीस भाग करतात, त्याला गुंठा म्हणतात, आणि तो 33 फूट बाय 33 फूट असतो. म्होरक्या थांबला. 33 फूट म्हणजे त्यांच्या 66 फुटी जरीब साखळीची बरोबर अर्धी. तो म्हणाला, ही साखळी तिकडे कशी गेली? कशी गेली ते इंदापूरच्या माणसाइतकं कोणाला ठाऊक असणार! पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने पुणे जिल्ह्यात जमीन मोजायला घेतली, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची पहिली मोजणी आणि आकारणी फसली. मग 1836 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी सुरुवात केली ती आमच्याच तालुक्यात. सर्व्हे नंबर, हद्दीच्या खुणा, आकार, सगळं तिथून मुंबई इलाखाभर पसरलं. मोजणीदार शंकू-साखळीने मोजायचे, त्यातली साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची. म्हणजे जी साखळी त्यांनी आम्हाला दिली तिच्यावर आम्ही पावणेदोनशेहून जास्त वर्षं भांडतोय, आणि ते स्वतः इथे नजरेने रेषा धरून मोगर घालतायत. हे मी त्यांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. चिखलात उभं राहून ते नीट जमलं नाही.

दुपारी पबमध्ये परतलो. जेवण, शेगडीची ऊब, मग टेबलं ओढून ज्युरीची चर्चा. कोणाला किती दंड, ते तिथे ठरतं आणि कागदावर सह्या होतात. दंड काही पौंडांचे. तिथल्या एका जेवणालाही पुरायचे नाहीत. मला आधी हसू आलं. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने ते पाहिलं असावं. तो म्हणाला, पैशाचं काही नाही, पुढच्या गुरुवारी सगळ्या गावासमोर नाव वाचतात. त्याच्या वडिलांचं नाव एकदा वाचलं होतं, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं.

आता इथे मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी साहेबाच्या गावात रामराज्य बघून आले. हे शेतकरी बहुतेक खंडकरी आहेत. जमीन मोठ्या इस्टेटीची. पूर्वी ती अर्ल मॅनव्हर्स या जमीनदाराची होती. 1952 मध्ये ही शेती टिकावी म्हणून सरकारच्या शेतीखात्याने ती विकत घेतली, 1981 मध्ये ती राजाच्या मालमत्तेकडे, क्राउन इस्टेटकडे गेली, आणि 2020 मध्ये जवळच्याच थोर्सबी इस्टेटने विकत घेतली. जी जमीन तुझी नाही, तुझ्या पोरांत वाटली जाणार नाही, जिच्या वीतभराची किंमत उद्या रस्ता गेला तर लाखात जाणार नाही, तिचं तास सरळ राखणं सोपं असतं. आमच्याकडे बापाच्या चार एकरांचे भावांत तुकडे होतात. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा असून होतात. बांध म्हणजे तिथे शेवटची शिल्लक असते. मी हे त्या म्हाताऱ्याला म्हटलं. तो जरा वेळ ग्लासकडे बघत राहिला आणि म्हणाला, "खरंय. पण इस्टेट येऊन तास बघत नाही. ते आम्हीच बघतो."

निघण्याआधी तासभर गाव फिरले. चर्चच्या मागे नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा आहे, त्यावर चढले, वारं फार होतं, उतरले. कोंडवाडा मात्र मन लावून पाहिला. मोकाट जनावरं आणून घालायचा विटांचा चौक, अगदी आमच्या गावात शाळेमागे होता तसा; फक्त यांनी नीट जपून ठेवलाय आणि आमच्यात आता कचरा टाकतात. माहितीकेंद्रात 1635 च्या नकाशाची प्रत लावली आहे. सर विल्यम कोर्टन नावाच्या तेव्हाच्या मालकाने मार्क पिअर्स या मोजणीदाराकडून काढून घेतलेला. मूळ ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. दोन हजारांहून जास्त पट्ट्या, एकेक रेघ ओढून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ पट्ट्या एकत्र केल्या, म्हणून आजच्या रुंद आहेत. नकाशाच्या कोऱ्या जागांत मोजणीदाराने नांगरणारी, कापणी करणारी बारकी बारकी माणसं काढली आहेत. मोजणीच्या नकाशाच्या सरकारी 'क' प्रतीवर कधी कोणी नांगऱ्या काढल्याचं मी पाहिलं नाही. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते. सकाळी जिथे खुंटी ठोकली तो उतार शोधत होते, आणि साधारण सापडलाही.

रविवारी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी दंडाची रक्कम विचारली, रुपयांत करून घेतली, 'हॅ' म्हणाले. मग गव्हाचा पेरा किती, उतारा किती, खत कोणतं. मग बऱ्याच वेळाने, "खुंट्या लाकडाच्या म्हणालीस?"

"हो अण्णा."

"उपटत नाही कोणी रातचं?"

हे मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी परत गेले. खरं तर कोर्ट बघायचंच होतं, पण पाय त्या प्रश्नाने ओढले. पबच्या खोलीत गर्दी, खिडक्यांवर वाफ धरलेली. बेलिफने उभं राहून 'ओयेझ, ओयेझ' अशी जुन्या फ्रेंच शब्दांतली हाळी दिली. म्हणजे ऐका हो ऐका. दवंडीच. टेबलामागे स्ट्युअर्ड म्हणून एक वकील. गावच्या हक्कदारांची यादी वाचली, हजर असलेल्यांनी ओ दिली, गैरहजरांना नाममात्र दंड. मग ज्युरीचा कागद. अंधारात वळण घेणाऱ्या तरुणाचं नाव आलं तेव्हा खोलीत कोणीतरी खोकलं, एवढंच. तो पुढे झाला, खिशातून पैसे काढले, मोजून ठेवले. त्याचे कान तांबडे झाले होते. मग पुढच्या वर्षीच्या शिवाराची ज्युरी शपथ घेऊन नेमली. सगळं मिळून फार वेळ लागला नाही. मी मनात उगीच अण्णांच्या तारखा मोजत होते.

नंतर गर्दीतून वाट काढत बेलिफला गाठलं आणि विचारलं, की खुंट्या रात्री कोणी उपटत नाही का.

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारलं.

"उपटतील की," तो म्हणाला. "नांगराला अडकून निघतात कैक वेळा. पण भोक कुठे होतं ते बाराजणांना माहीत असतं ना."

अण्णांना हे जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता रातकिड्यांचा आवाज आला.

"आपल्या दगडाचं भोक," ते म्हणाले, "मला आन् त्यालाच माहीत आहे. तिसरा होता तो गेला औंदा."

कोण गेलं ते मी विचारणार, तोवर ते म्हणाले, ठेव फोन, दीडची लाइट आहे, मोटर चालू करायला जायचंय.